ट्रॉमसोत दिवस कवा मावळतो?

“ह्ये ट्रॉमसो कुठलं पावणं?” चंपाबाईंनी आळीव निवडता निवडता विचारलं.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. सांगलीच्या बाजूला माणूस जरा वयाला आला की त्याच्या नावाला ‘सो’ लागतो. अख्खं ‘साहेब’ म्हणायला वेळ कुणाला आहे? आण्णासो, बापूसो, पलीकडच्या घरातले भाऊसो. तेव्हा ट्रॉमसो हे जावयाच्या ओळखीतलं कुणीतरी बुजुर्ग असणार, असं चंपाबाईंनी गेले आठ महिने धरून ठेवलं होतं. लेक फोनवर “आई, आता ट्रॉमसोलाच कायम,” म्हणाली, तेव्हा त्यांनी “त्यास्नी माझा नमस्कार सांग,” असं उत्तरही देऊन टाकलं होतं.

“पावणं न्हवं गं. गाव हाय त्ये. नॉर्वे देशातलं,” त्यांचे यजमान तवनाप्पा म्हणाले आणि त्यांनी वही उघडली.

वहीवर लाल शाईनं ‘परदेश प्रवास : पूर्वतयारी’ असं लिहिलं होतं आणि खाली पट्टीनं दोन रेघा मारल्या होत्या. तवनाप्पा मगदूम साखर कारखान्यात चौतीस वर्षं टाइमकीपर होते. त्यांनी भोंगा दाबला की शिफ्ट सुटायची आणि समडोळी गावातली निम्मी घड्याळं लावून घेतली जायची. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण माणसाचा काटा काही हलला नव्हता.

प्रवासाचं कारणही तसंच होतं. त्यांची एकुलती एक लेक चंदना हिला लग्नानंतर नऊ वर्षांनी दिवस गेले होते. नऊ वर्षं! चंपाबाईंनी देवाला आणि डॉक्टरांना सारख्याच भक्तीनं हात जोडले होते. डॉक्टरांनी पंधरा डिसेंबर तारीख दिली होती. पहिलं बाळंतपण माहेरचं. आता माहेर नॉर्वेला उचलून न्यायचं म्हटल्यावर डिंक, सुंठ, बाळगुटी, मऊ धोतरांची दुपटी, चार रंगांच्या कुंच्या असं सगळं समडोळीहून निघायला हवं होतं. चंपाबाईंच्या डोळ्यांसमोर रात्रंदिवस एकच चित्र होतं: बाळाची पहिली अंघोळ आपल्या हातानं, आपल्या पायांवर. बाकी ट्रॉमसो गाव असो की माणूस, त्यांना फरक पडत नव्हता.

व्हिसाचं काम सांगलीतल्या प्रियदर्शनी आवटीनं घेतलं होतं. तिचं प्रवासाचं ऑफिस होतं आणि जैन मंडळींना युरोप दाखवून सुखरूप परत आणण्यात तिचा हातखंडा होता. “कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, आणि तरी मंडळी वजन वाढवून येतात,” असं ती सांगायची. ती चटपटीत होती. लग्नाच्या दाखल्याचं इंग्रजी करताना संगणकानं जावयाच्या नावाचंही भाषांतर करून टाकलं होतं. जावयाचं नाव ‘अतिशय’, आडनाव चौगुले. कागदावर तो ‘व्हेरी चौगुले’ झाला. प्रियदर्शनीनं ते वेळेत पकडलं, नाहीतर नॉर्वे सरकार या व्हेरी माणसाला शोधत बसलं असतं. मंगळवारी दोघांना पुण्याला व्हिसाच्या ऑफिसात बोटांचे ठसे द्यायला जायचं होतं. ती तारीख हुकली तर पुढची दीड महिन्यानं, म्हणजे बाळंतपण उरकल्यावर, असं तिनं दोनदा बजावलं होतं.

सगळं कसं सुरळीत चाललं होतं. घोडं अडलं ते वहीच्या पहिल्या पानावरच्या पहिल्या प्रश्नाशी. प्रश्न होता: ‘ट्रॉमसोत दिवस कवा मावळतो?’

हा प्रश्न इतर कुणी विचारला असता तर हौस म्हणून सोडून दिला असता. तवनाप्पांचं तसं नव्हतं. पंचविसाव्या वर्षी, लग्नाला महिना होतो न होतो तोच, त्यांनी महाराजांच्या पायाशी नेम घेतला होता: सूर्य उगवून दोन घटका, म्हणजे पाऊण तास, झाल्याशिवाय खायचं नाही आणि मावळल्यावर तोंडात घास घालायचा नाही. त्याला आता बेचाळीस वर्षं झाली होती. हा नेम जैन समाजात पुष्कळ जण पाळतात, पण तवनाप्पा तो टाइमकीपरसारखा पाळायचे. स्वयंपाकघराच्या दाराला वर्षभराच्या सूर्यास्ताचा तक्ता लावलेला. पुतण्याच्या लग्नात पंगत लांबली तेव्हा हा गडी जिलेबी हातात धरून, घड्याळ बघून, ती परत ताटात ठेवून उठला होता. वाढपी रडायचा बाकी होता.

चंदनाला त्यांनी हा प्रश्न तीनदा विचारला होता.

“लवकर मावळतो, आप्पा. लोकरीचे मोजे आणा,” ती पहिल्यांदा म्हणाली.

“लवकर म्हंजे किती वाजता?”

“अहो, दाराची बेल वाजली बघा. ठेवते हं.”

दुसऱ्यांदा तिच्याकडे दूध उतू गेलं. तिसऱ्यांदा रेंज गेली. तवनाप्पांना शंका आली. शेवटी शनिवारी सकाळी ओट्यावर बसून त्यांनी फोनलाच विचारलं. एकेक शब्द सुटा करून, लहान पोराला सांगावं तसं: “ट्रॉमसो. येथे. पंधरा. डिसेंबरला. सूर्यास्त. किती. वाजता?”

फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, “ट्रॉमसो येथे पंधरा डिसेंबर रोजी सूर्योदय होणार नाही.”

तवनाप्पांनी फोन पायजम्याला पुसला आणि परत विचारलं. बाई तेच म्हणाली.

“भाऊसो! ओ भाऊसो! जरा तुमचा फोन घिऊन या!”

भाऊसो जगदाळे म्हणजे पलीकडच्या घरातले रिटायर सुभेदार. मूळचे म्हसवडचे, बायकोच्या माहेरी समडोळीत घर बांधून राहिलेले. त्यांना कुठल्याही विषयावर मत असायचं आणि ते मोर्चावर उभं राहून सांगितल्यासारखं असायचं. त्यांनी आपला फोन आणला. त्यातली बाईही तेच म्हणाली. मग दोघांनी तारखा बदलून बदलून विचारलं. सूर्य नोव्हेंबरच्या अखेरीला जो खाली जायचा तो थेट जानेवारीच्या मध्यालाच डोकं वर काढायचा.

“आयला! दीड महिना गैरहजर?” भाऊसो म्हणाले. “आमच्या पल्टणीत आसता तर कोर्ट मार्शल केलं आसतं.”

तवनाप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी चंदनाला फोन लावला. या खेपेला दारावरची बेल वाजली नाही, दूध उतू गेलं नाही. ती एकदम रडायलाच लागली.

“मला माहीत होतं, आप्पा. पण मी सांगितलं असतं तर तुम्ही आला असता का? आणि तुम्ही नाही म्हटल्यावर आई आली असती का?”

“म्हंजे निस्ता काळोख?”

“दुपारी जरा निळं निळं उजाडल्यासारखं होतं. पण सूर्य वर येत नाही. आप्पा, काहीतरी करा ना. मला आई पायजे.”

तवनाप्पा ओट्यावर मटकन बसले. चंपाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आत जाऊन त्यांनी कुंच्यांची नीट लावलेली चळत उगाच विसकटली आणि परत लावली.

“टेन्शन घिऊ नका,” भाऊसो म्हणाले. “नेम काय हाय तुमचा? सूर्य मावळल्यावर खायचं न्हाई. बरुबर?”

“बरुबर.”

“मग जो उगवलाच न्हाई, त्यो मावळणार कसा? मावळलाच न्हाई म्हंजे खायाला मोकळं! पॉईंट हाय का न्हाई?”

तवनाप्पा क्षणभर पाघळले. चेहऱ्यावर जिलेबीची आठवण येऊन गेली. पण चौतीस वर्षं भोंगा दाबलेला माणूस तो. “आवं, पण उगवून दोन घटका झाल्याशिवायबी खायचं न्हाई. त्येचं काय? उगवलाच न्हाई म्हंजे मी दीड महिना उपाशी.”

“हां. दोन्हीकडनं फायरिंग हाय,” भाऊसोंनी कबूल केलं.

आता इथं गप्प बसले असते तर ते तवनाप्पा कसले? त्यांनी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर प्रश्न टाकला. कोरा, कारखान्याच्या नोटिशीसारखा: ‘ट्रॉमसोत सूर्य नाही. चंदनाकडे जेवणाचे काय करावे? जाणकारांनी कळवावे.’

जाणकार जेवून झोपले होते. जे जागे होते त्यांना ‘ट्रॉमसोत सूर्य नाही’ हे काही कळलं नाही म्हणून त्यांनी तेवढं वाक्य गाळून मेसेज पुढं पाठवला. पुढच्या ग्रुपवर तो ‘चंदनाकडे जेवणाचे हाल’ असा पोचला. त्याच्या पुढच्या ग्रुपवर हात जोडल्याची चार चित्रं आणि ‘आपल्या लेकीसाठी एक हात मदतीचा’. चारच्या सुमारास दारात पहिली पिशवी आली. कडक भाकरी. मागोमाग शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, सांडगे, ज्वारीच्या पापड्या, आणि कुणीतरी दोन किलो हळद. साडेपाचपर्यंत पुढचा सोपा भरला.

“काकी, पोरगी उपाशी हाय म्हणं? आमाला कळवायचं न्हाई व्हय?” येणारी प्रत्येक बाई डोळ्यांना पदर लावून विचारत होती.

“आवं, कोण म्हणतंय उपाशी? चांगलं चार डबे भरून हाय तिच्या घरात!”

“ऱ्हाऊ द्या काकी, लपवून काय हुतंय,” असं म्हणून ती पिशवी ठेवून जात होती.

आणि मग दुधगावहून विहीणबाईंचा फोन आला. अतिशयची आई. आवाज असा की फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागला. “आमच्या अतिशयनं बायकूला उपाशी ठेवलं असं गावभर करताय? नऊ वर्सं लेकरागत जपलीया तिला! उद्या येते मी. समोरासमोर बोलायचं.”

रविवारी दुपारी मगदुमांच्या सोप्यात, पिशव्यांच्या मधोमध जागा करून, सभा बसली. उपाध्ये पंडितांना खास बस्तीतून, म्हणजे जैन मंदिरातून, बोलावून आणलं होतं. भाऊसो न बोलावता आले होते. विहीणबाई रिक्षानं आल्या आणि रिक्षा दारातच थांबवून ठेवली, म्हणजे राग आला तर लगेच निघता यावं. चंपाबाई आतून बदामाचं दूध आणून प्रत्येकापुढं ठेवत होत्या. मेसेजची खरी भानगड कळल्यावर विहीणबाई जरा निवळल्या, पण रिक्षा काही सोडली नाही.

“पंडितजी, शास्त्र काय म्हणतंय?” तवनाप्पांनी विचारलं.

पंडितांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “शास्त्रात ट्रॉमसो न्हाई,” ते म्हणाले. “नेम ज्येनं त्येनं आपल्या मनाला इचारून पाळायचा आसतो. महाराजांस्नी इचारून सांगतो म्हटलं, तर महाराजांचा गावोगाव पायी इहार चाललाय, गाठ पडायला आठ दिस.”

“आठ दिवस कुठलं? प्रियदर्शनीला उद्या दुपारच्या आत सांगायचंय. परवा पुणं!” तवनाप्पा म्हणाले.

“मग एक करा,” भाऊसो पुढं सरले. “घड्याळ तिथलं, सूर्य इथला! जवान कुठंबी ग्येला तरी त्येचं रेकॉर्ड आपल्याच सेंटरला आसतंय. समडोळीत सूर्य वर हाय तवर ट्रॉमसोत खायाचं!”

सोप्यात एकदम वारं फिरलं. पंडितांनी मान डोलावली. निदान नाही म्हणाले नाहीत. तवनाप्पांच्या डोळ्यांत चमक आली. हा त्यांचाच प्रांत. त्यांनी वही मांडीवर घेतली, दोन्ही देशांच्या वेळेतला फरक साडेचार तास मांडला, आणि पट्टीनं रेघा मारत वेळापत्रक वाचून दाखवलं.

“समडोळीत सूर्य उगवतो तवा ट्रॉमसोत पहाटंचं अडीच. दोन घटका सोडा. म्हंजे सव्वातीनला न्याहारी. सकाळी आठला जेवण. आन् समडोळीत सूर्य मावळतो तवा तिथं दुपारचं दीड. म्हंजे सांजचं जेवण दुपारी एकला. संपलं! एका मिनिटाचा घोळ न्हाई!”

“वा! याला म्हणत्यात प्लॅनिंग!” भाऊसोंनी मांडीवर थाप मारली.

“सव्वातीनला न्याहारी करायची कुणी?” चंपाबाईंनी रिकामे पेले गोळा करता करता विचारलं.

सगळ्यांनी चंपाबाईंकडे पाहिलं. प्रश्नाचं उत्तर समोरच हातात ट्रे धरून उभं आहे म्हटल्यावर दुसरीकडे बघायचं कुठं?

“थोडं उप्पीट केलं तरी चालंल,” तवनाप्पा समजूतदारपणे म्हणाले.

“आस्सं. म्हंजे बाळंतिणीचं शेक-शेगडी रातभर, सव्वातीनला तुमचं उप्पीट, मग बाळाची अंघोळ, आठला तुमच्या चपात्या, एकला परत चपात्या.” चंपाबाईंनी ट्रे खाली ठेवला. “मी लेकीचं बाळंतपण करायला चाललीया का तुमचं?”

तेवढ्यात विहीणबाईंनी संधी साधली. त्या पुढं सरकून अगदी गोड आवाजात म्हणाल्या, “ह्ये बघा, एवढी वडाताण कशाला? तुमचा दोघांचा नेम कडक. तुमी ऱ्हावा हितं. मी जाते. माझा पासपोर्ट तयारच हाय, आन् माझा नेम चातुर्मासापुरताच आसतोय. नातवंडाची पहिली अंघोळ मी घालते. माझंबी काय त्ये परकं न्हाई.”

चंपाबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. नऊ वर्षं! नऊ वर्षं ज्या अंघोळीसाठी त्या देवाशी भांडल्या, ती अंघोळ रिक्षा थांबवून आलेल्या बाईनं बसल्या जागी उचलली होती.

“तसंच करावं लागंल मग,” तवनाप्पा सुस्कारा टाकून म्हणाले. “आमचा नेमच आडवा येतोय म्हटल्यावर…”

“कुणाचा नेम?” चंपाबाईंनी विचारलं.

“आपला.”

“आपला न्हवं. तुमचा. महाराजांच्या म्होरं श्रीफळ घिऊन कोण बसलं हुतं?”

“मी. पण तू शेजारी हुतीस की!”

“हुते की. पण तुमी नेम घ्येतला तवा मागल्या बाईचं पोरगं रडाय लागलं, त्येला घिऊन मी भाईर ग्येले हुते. परत आले तवर तुमी उठला हुता. मला कुणी इचारलं न्हाई, मी कुणाला सांगितलं न्हाई.”

पंडितांनी परत चष्मा काढला.

“म्हंजे बेचाळीस वर्सं…” तवनाप्पांना वाक्य पुरं करवेना. “आगं, रोज माझ्यासंगं दिवस मावळायच्या आत जेवतीस तू!”

“मग काय करू? तुमास्नी वाढल्यावर माझ्यासाठी येगळी चूल पेटवू? आन् खरं सांगू का? लय सोयीचं पडतंय त्ये. गल्लीतल्या बायका रातच्या धा वाजता वटा पुसत बसत्यात. मी सातला मोकळी. टीव्हीम्होरं पाय पसरून बसतीया. कोण सोडंल ही सोय?”

“आन् रातीची भूक, वैनी?” भाऊसोंना राहवलं नाही.

“भडंग हाय की. बिनलसणाचं. ज्वारीच्या कोठीमागं डबा आसतोय.”

तवनाप्पा ताडकन उभे राहिले. “कोठीमागं? आगं, तितनं खुडबुड ऐकू येती म्हणून मी बारा वर्सं पिंजरा लावतोय! उंदीर सापडला की नदीपल्याड न्हिऊन सोडायचा म्हणून! तीन पिंजरं बदललं!”

“सापडंल कसा? उंदीर न्हवताच त्यो. मी हुते.”

भाऊसो इतके हसले की त्यांना बदामाच्या दुधाचा ठसका लागला. पंडितही हसले, पण पंडित असल्यामुळं आवाज न करता. विहीणबाईंनी निमूटपणे उठून दारातूनच रिक्षावाल्याला “चल रं बाबा,” म्हणून सांगितलं आणि जाता जाता चंपाबाईंच्या कानात म्हणाल्या, “अंघोळ घालताना माझी बी आठवण काढा.” बाई तशी वाईट नव्हती.

सोमवारी सकाळी चंपाबाईंनी स्वतः प्रियदर्शनीला फोन केला. “माझं एकटीचं कर. ह्येंचं खोड.”

“काकी, एकट्या? दोन विमानं बदलायची आहेत.”

“यस्टीनं आटपाडीला जाताना तीन बदलते मी. विमानात निदान बसायला तरी जागा मिळंल.”

तवनाप्पांनी दोन दिवस वही उघडली नाही. तिसऱ्या दिवशी, चंपाबाई पुण्याहून ठसे देऊन आल्यावर, ते हळूच म्हणाले, “मला भडंगाचं काय न्हाई गं. पण मलाबी लेकरू हातात घ्यायचं हुतं.” त्यांचे डोळे भरून आले होते. चंपाबाईंनाही गलबलून आलं. बेचाळीस वर्षांत हा माणूस पहिल्यांदाच घड्याळ न बघता बोलला होता.

“घ्याल की,” त्या म्हणाल्या. “कुठं पळून जातंय त्ये? नेम मोडून याल तर मलाच बरं वाटायचं न्हाई. तुमी हितं ऱ्हावा. कुकर लावायचं शिकवून जाते.”

गावानं दिलेल्या पिशव्यांतलं तेवीस किलो निवडून घेऊन चंपाबाई गेल्या. दोन्ही विमानं बरोबर पकडली. दुसऱ्या विमानात शेजारच्या गोऱ्या बाईला त्यांनी शेंगदाण्याची चटणी खायला लावली, आणि ती बाई त्यांची ट्रॉली ढकलत त्यांना दारापर्यंत सोडून गेली. इकडे तवनाप्पांची पहिल्या आठवड्यात तीन जेवणं हुकली, कारण सूर्य वेळेवर मावळायचा आणि कुकरची शिट्टी उशिरा व्हायची. पण तक्रार कुणाकडे करणार?

सोळा डिसेंबरला चंदनाला मुलगी झाली. ती बाळाला घेऊन घरी आल्यावर तवनाप्पांनी फोनवर पाहिलं: खिडकीबाहेर भरदुपारी गडद निळा अंधार, आणि आत चंपाबाई पाय लांब करून बसलेल्या, पायांवर मूठभर नात. वरून कोमट पाण्याची धार. नात बोंबलत होती, चंपाबाई हसत होत्या आणि रडतही होत्या. तवनाप्पांनी फोन छातीशी धरला, त्यामुळं पलीकडच्यांना बराच वेळ नुसता सदरा दिसत होता.

“मी येणार,” ते म्हणाले. “कायबी करून येणार.”

दुसऱ्याच दिवशी ते सांगलीला प्रियदर्शनीच्या ऑफिसात जाऊन बसले. वही बरोबर होतीच. प्रियदर्शनीनं संगणकावर बोटं चालवली आणि ती एकदम हसायलाच लागली.

“काका, तुम्ही उन्हाळ्यात जा. मेच्या शेवटी सूर्य वर आला की जुलै संपत येईपर्यंत तो तिथं मावळतच नाही.”

“मावळत न्हाई म्हंजे?”

“रात्री बारालाही ऊन.”

तवनाप्पांना ते पटायला थोडा वेळ लागला. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरला. दोन महिने! सूर्य डोक्यावर! घड्याळ नाही, तक्ता नाही, ताटावरून उठणं नाही! बेचाळीस वर्षांत जे रात्री कधी तोंडात पडलं नाही, ते सगळं आता नेमात राहून खाता येणार होतं.

“लाव, लाव तिला फोन,” ते प्रियदर्शनीला म्हणाले. “दोन तिकिटं काढ जूनची. तिचं परत एकदा आन् माझं.” फोन लागताच ते ओरडले, “चंपे! आगं ऐकलंस का? जूनमधी तिथं सूर्य मावळतच न्हाई! संगं जाऊ दोघं! सकाळी न्याहारी, दुपारी जेवण, सांजचं जेवण, मग रातीच्या धाला गरम गरम थालपीठ, बाराला जिलेबी…”

पडद्यावर चंपाबाई नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी नातीला चंदनाकडे दिलं, भिंतीवरच्या महावीरांच्या तसबिरीसमोर जाऊन उभ्या राहिल्या, डोळे मिटून हात जोडले, आणि परत येऊन बसल्या.

“काय केलंस ग?” तवनाप्पांनी विचारलं.

“नेम घ्येतला. ह्या खेपंला कुणाचं पोरगं घिऊन भाईर ग्येले न्हाई.”

“आता? आन् कसला?”

“सहा वाजलं की माझी चूल बंद. सूर्य वर आसू दे न्हाईतर खाली. जल्मभर.”

प्रियदर्शनीनं तोंडाला रुमाल लावला. तवनाप्पांनी वहीकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. नेमाविरुद्ध बोलायचं तोंड त्यांना नव्हतं. पण आशा सुटत नाही.

“बरं. पण सहा म्हंजे कुठलं सहा?” त्यांनी चाचरत विचारलं. “तिथलं का समडोळीचं?”

“जे आधी वाजंल ते,” चंपाबाई म्हणाल्या.